खैराच्या जुन्या मुसळापासून लाटणं कसं कातावं

कोकणात जुनं घर उतरवताना माळ्यावरून एखादं मुसळ निघतंच. गावात भाताची गिरणी आली तेव्हा ते वर गेलं आणि नंतर कोणी खाली काढलं नाही. ते खैराचं असेल तर बंबात घालू नका. कातकाम (लेथ या यंत्रावर फिरतं लाकूड धारेनं गोल करणं) शिकणाऱ्याला इतकं वाळलेलं लाकूड पैसे मोजूनही मिळत नाही. कित्येक वर्षं चुलीचा धूर खाल्लेला असतो त्यानं.

मी स्वतः सुरुवात उलटी केली. एका वखारीतून ‘पूर्ण वाळलाय’ म्हणून दिलेला खैराचा ओंडका आणला, एप्रिलच्या उन्हाळ्यात उत्साहानं कातला, तेलबिल लावून पडवीत ठेवला. तिसऱ्या रात्री टक्‌ असा आवाज आला. सकाळी पाहतो तर या टोकापासून त्या टोकापर्यंत नख शिरेल अशी भेग. चूक लेथवर झालीच नव्हती, ओंडका घेताना झाली होती.

खैर कठीण म्हणजे किती? वाळलेलं सागवान एका घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं, खैर हजाराच्या आसपास. म्हणूनच नांगर, मुसळ, गाडीचा कणा अशा मार खाणाऱ्या वस्तूंना आपल्याकडे तो वापरत. कोकणात कातायला कठीण लाकडं आणखीही आहेत. चिंचेचा गाभा आहे, ऐन आहे, अंजनी आहे (पण तिचं खोड बारीक, फार तर मुठी आणि भोवरे होतात). जांभा आहे, म्हणजे दगड नव्हे, त्याच नावाचं झाड. ऐनाचे तंतू उलटसुलट विणलेले असतात, त्यामुळे धार एका बाजूनं गुळगुळीत चालते आणि दुसरीकडून पोपडे उपटते. नवशिक्यानं ऐनापासून सुरुवात करू नये असं माझं मत. खैर कठीण आहे खरा, पण सरळ मनाचा आहे.

उभं झाड तोडायचा विचार असेल तर आधी परवानगी घ्या. महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत खैर, ऐन, किंजळ, चिंच ही सगळी आहेत, आणि झाड स्वतःच्या जमिनीत आहे म्हणून सुटका होत नाही. मुसळाला ही भानगड नाही.

आधी चुंबक, मग करवत

मुसळाच्या टोकाचं लोखंडी कडं काढा. मग एक चुंबक घेऊन सगळ्या अंगावरून फिरवा. जुन्या लाकडात कोणी कधी खिळा ठोकला असेल सांगता येत नाही, आणि फिरत्या लाकडातला खिळा पटाशीला लागला तर पटाशीचा आणि तुमचा दोघांचा दिवस खराब होतो. मधला मुठीचा भाग झिजून बारीक झालेला असतो, तो सोडा. जाड बाजूनं सोळा इंचांचा तुकडा कापा. लाटणं चौदा इंचांचं करायचं आहे, दोन इंच टोकांना जातात. कापलेलं तोंड ओलं करून पाहा: गाभा लालसर तपकिरी, कडेनं पिवळट पांढरा पट्टा. तो पट्टा रसकाठाचा, म्हणजे गाभ्याबाहेरच्या कच्च्या लाकडाचा, लाटण्यात नको. छिद्रांत पांढरी पूड दिसली तर ती कीड समजू नका, खैरात ती असते. उरलेला गाभ्याचा तुकडा बादलीत टाका. तो बुडाला किंवा पाण्याच्या रेषेबरोबर जेमतेम पोहला तर बहुधा खैर. टुणकन वर आला तर मुसळ दुसऱ्या कशाचं तरी आहे.

ताजाच ओंडका असेल तर दोन्ही तोंडांना लगेच मेण किंवा जाड ऑइलपेंट फासा, कारण पाणी तोंडातून झपाट्यानं उडतं आणि भेग तिथूनच सुरू होते. दर इंच जाडीला एक वर्ष धरा, सावलीत, जमिनीपासून वर. कोकणात जून ते सप्टेंबर हे महिने वाळण्याच्या हिशेबात धरूच नका, उलट लाकूड तेव्हा हवेतलं पाणी पितं. दर महिन्याला वजन करून आकडा डायरीत लिहा. पावसाळ्याबाहेरचे लागोपाठ तीन महिने वजन तेच राहिलं की हात लावा.

धार

खैराचं निम्मं काम सहाणेवर होतं. गावातल्या सुताराची साधी पोलादी पटाशी चालेल, पण ग्राइंडरवर धरताना टोक निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं म्हणून समजा. ती धार खैरावर दोन मिनिटं टिकत नाही. म्हणून हायस्पीड स्टीलची गोल पटाशी घ्या. महाग पडते, पण एकदाच. धारेचा कोन आंब्याच्या लाकडाला ठेवाल त्यापेक्षा बोथट, ५० ते ५५ अंश. पातळ धार खैरावर तुटते.

धार आहे की नाही हे बोटानं पाहू नका, लाकूडच सांगतं. धारदार पटाशीखालून खैराच्या आखूड, कुरकुरीत ढलप्या उडतात आणि सळसळ ऐकू येते. ढलप्यांच्या जागी लाल पीठ उडू लागलं आणि आवाज किंचाळायला लागला की थांबायचं, मोटर बंद, सहाणेकडे. पहिल्या लाटण्याला मी अकरा वेळा उठलो होतो. हात दाबून काम रेटायचा मोह होतो, आणि पटाशी अडकून झटका बसतो तो तेव्हाच.

लेथवर

दोन्ही तोंडांवर केंद्र काढा. तिथे ३ मिलिमीटरच्या बिटानं सेंटीमीटरभर खोल भोक पाडा. सागवानात हेडस्टॉकच्या (लेथच्या मोटरकडच्या टोकाच्या) सेंटरचे, म्हणजे लाकूड धरणाऱ्या अणकुचीचे, दात नुसते ठोकून घुसतात, खैरात घुसत नाहीत. दातांसाठी करवतीनं फुलीसारख्या दोन खाचा घ्या आणि सेंटर काढून, लाकूड जमिनीवर उभं ठेवून, लाकडी हातोडीनं बसवा. लेथवरच ठोकाल तर बेअरिंग जातं. टेलस्टॉकचं, म्हणजे समोरच्या टोकाचं, सेंटर फिरतं नसेल तर भोकात मेणाचा तुकडा घाला, नाहीतर दहा मिनिटांत धूर निघतो.

टूल रेस्ट (पटाशी टेकवायची पट्टी) केंद्राच्या उंचीवर, लाकडापासून बोटभरसुद्धा नको, ४ मिलिमीटर पुरे. मोटर लावण्याआधी लाकूड हातानं एक फेरा फिरवून कुठे घासत नाही ना ते बघा. गॉगल आणि मास्क हवेच. खैराची धूळ घशात बसते, आणि एकदा शिंकायला लागलात की त्या दिवशी काम संपलं. पंचा, ओढणी, बांगड्या, लांब बाह्या यातलं काही अंगावर नको.

वेग सुरुवातीला मिनिटाला ७०० फेऱ्यांच्या आसपास. आधी पटाशीच्या धारेची पाठ (धारेमागचा घासलेला उतार) फिरत्या लाकडाला टेकवा, काही कापलं जाणार नाही. मग मूठ हळूहळू वर उचला, धार आपोआप खाली येऊन लाकूड घेऊ लागेल. आधी पाठ, मग धार. खैरावर हा क्रम चुकवलात तर लाकूड तुम्हाला दुसरी संधी न देता पटाशी ओढून नेतं. एका फेरीत अर्धा मिलिमीटर निघाला तरी भरपूर. गोल झालं की वेग १५०० वर न्या, मध्ये ३८ ते ४० मिलिमीटर जाडी ठेवा आणि टोकांकडे निमुळतं करत जा, नेहमी जाडाकडून बारकाकडे. मुठी सगळ्यात शेवटी. आधी बारीक केल्या तर मधला भाग कातताना सगळं थरथरतं.

पॉलिश पेपर १२०, १८०, २४०, ४०० या क्रमानं, वेग पुन्हा कमी करून. पेपर बोटाला गुंडाळायचा नाही, नुसती घडी करून खालून धरायची. इथे घाई नडते. घासण्यानं लाकूड तापतं आणि कठीण लाकूड तापलं की केसाएवढ्या चिरा पडतात. हाताला गरम लागलं की चहा करायला उठावं.

आमच्या आत्याला पहिलं लाटणं दिलं तेव्हा तिनं हातावर तोललं आणि म्हणाली, “पोळीला छान आहे रे, पुरणपोळीला नको. आपल्याच वजनानं पुरण बाहेर काढील.” तिचं बरोबर होतं. पुरणपोळीसाठी शिवणीसारख्या हलक्या लाकडाचं वेगळं करा. सावंतवाडीचे खेळणी करणारे पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड पसंत करत, त्यांच्या लाखकामाला तेच सोयीचं. खैराच्या लाटण्याला लाख नको आणि रंग तर नकोच. मेण आणि खोबरेल गरम करून एकत्र करा, फडक्यानं फिरत्या लाटण्यावर चोळा आणि दोन दिवस टांगून ठेवा.

खैराचा कात उकळूनच काढतात. काथोडी म्हणजे कातकरी समाजाचं नाव त्या धंद्यावरूनच पडलं. तेव्हा लाटणं गरम पाण्यात भिजत घातलंत तर पाणी तांबूस होईल, ते मळ नव्हे. पहिले काही दिवस ओल्या फडक्यानं पुसायचं, भिजवायचं नाही. आणि ओलं लाटणं लोखंडी तव्यावर कधी ठेवू नका. कातातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की शाईसारखा काळा डाग पडतो. पडलाच तर लिंबाची फोड चोळा, डाग फिकट होतो, पण पूर्ण जातोच असं नाही. आमच्या घरातल्या लाटण्यावर तव्याच्या कडेची एक काळी कोर अजून आहे.