‘दुष्काळामुळे युद्ध पेटले’ हे विधान कसे तपासावे

एखाद्या देशातील हिंसाचाराचे खापर हवामान बदलावर फोडलेले दिसले, की प्रथम घटनाक्रम मांडावा: पाऊस कधी हुकला, शस्त्रे कधी उचलली गेली आणि मधल्या काळात सरकारने काय केले. सीरियात २००६ ते २०१० या वर्षांत तीव्र दुष्काळ पडला आणि २०११ मध्ये उठाव झाला, एवढेच सांगितले तर दोन्हींचे नाते सरळ वाटते. मात्र त्याच काळात डिझेल आणि खते यांवरील अनुदानही काढून घेण्यात आले होते. त्यामुळे ईशान्येकडील शेतकऱ्याने गाव सोडले ते विहीर आटली म्हणून, की पंप चालवणे परवडेना म्हणून, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. अभ्यासकांचे याबाबत आजही एकमत नाही.

त्यानंतर शेजारी देश पाहावा. माझ्या मते ही सर्वांत उपयुक्त कसोटी आहे. २०१०-११ चा दुष्काळ सोमालियाप्रमाणेच केनिया आणि इथिओपियातही पडला होता. उपासमार तिन्हीकडे होती, पण संयुक्त राष्ट्रांनी जुलै २०११ मध्ये भूकबळींचा दुष्काळ जाहीर केला तो फक्त दक्षिण सोमालियात, जिथे अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेने अनेक मदत संस्थांना मज्जाव केला होता. तेथे सुमारे २ लाख ६० हजार माणसे दगावली आणि त्यांपैकी निम्मी पाच वर्षांखालील मुले होती.

मग प्रश्न उलटा करून पाहावा, म्हणजे हवामानाने संघर्ष घडवला का, याऐवजी संघर्षाने हवामानाचा तडाखा किती वाढवला, असे विचारावे. लिबियातील डेर्ना हे शहर एका कोरड्या नदीपात्राच्या मुखाशी वसलेले असून, त्याच्या वरच्या अंगाला १९७० च्या दशकात बांधलेली दोन भरावाची धरणे होती. त्यांच्या दुरुस्तीचे काम २०११ च्या उठावात बंद पडले, पुढे २०१४ पासून देशात दोन सत्ताकेंद्रे झाली आणि २०२२ मध्ये एका लिबियन जलतज्ज्ञाने दिलेला धोक्याचा इशाराही कागदावरच राहिला. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री डॅनियल वादळाच्या पावसाने आधी वरचे आणि पाठोपाठ खालचे धरण फुटले, वस्त्याच्या वस्त्या समुद्रात वाहून गेल्या आणि हजारो लोक मरण पावले. अशा घटनेत पावसाच्या मिलिमीटरांइतकीच दुरुस्तीच्या कागदपत्रांची चौकशी करावी.

आकडे घेताना, आकसणारे तलाव दाखवणाऱ्या उपग्रह-छायाचित्रांच्या जोड्यांपासून विशेष सावध राहावे. आफ्रिकेतील चाड सरोवराच्या अशा जोडीत पहिले चित्र बहुधा १९६० च्या दशकातले असते. सरोवराचा मोठा संकोच १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत होऊन गेला होता आणि नंतर पाणी काही प्रमाणात परतलेही, तर सरोवराकाठच्या नायजेरियातील बोको हराम या अतिरेकी संघटनेची सशस्त्र मोहीम २००९ मध्ये सुरू झाली. म्हणून चित्राखालचे साल आधी वाचावे आणि ते घटनाक्रमात नेमके कुठे बसते, हे पाहावे.