बेळगावात नव्याने आलात? एक टेक्स्ट फाइल सुरू करा

कोल्हापूर-सांगलीकडून बदली होऊन बेळगावात आलेल्या माणसाचे बाजारात अडत नाही. शहापूर, टिळकवाडी, खडेबाजार, सगळीकडे मराठी चालते. अडते ते कागदांपाशी. हेस्कॉमचे (इथली वीज कंपनी) बिल, नाडकचेरीतली (स्थानिक महसूल कार्यालय) पोच, बहुतेक मजकूर कन्नडमध्ये. लिपी शिकाच, पण तोवर कुठला कागद कशाचा हे लिहून ठेवावे लागते. मी त्यासाठी अ‍ॅपच्या नादी लागलो नाही, साधी टेक्स्ट फाइल ठेवली. ती सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात.

एका ओळीत एकच नोंद, आणि टॅग ओळीच्या सुरुवातीला:

@वीज @टिळकवाडी @बाकी मीटरवरचे नाव घरमालकाचे
@गाडी @निपाणी @बाकी आधीच्या आरटीओची एनओसी
@जमीन @खानापूर @झाले पहणी, म्हणजे आपला सातबारा

नुसते 'गाडी' शोधले तर 'शेवटची गाडी किती वाजता' हीसुद्धा ओळ येते. '@गाडी' शोधले की फक्त कामाच्या नोंदी. टॅगपुढची स्पेसही शोधात टाका, नाहीतर '@घर' म्हणताच '@घरफाळा' हजर होतो.

विंडोजच्या नोटपॅडमध्ये कंट्रोल-एफ एकेका जागी थांबत जाते. मोठ्या फाइलला ते कंटाळवाणे. नोटपॅड प्लस प्लस या वेगळ्या एडिटरमध्ये 'फाइंड ऑल इन करंट डॉक्युमेंट' दाबले की जुळलेल्या सगळ्या ओळी खाली एकत्र दिसतात. खरी मजा पुढे आहे: तिथेच 'रेग्युलर एक्स्प्रेशन' निवडून

@गाडी .*@बाकी

असे शोधा. यात '.*' म्हणजे मधे काहीही. गाडीची उरलेली कामे तेवढी निघतात, मधे गाव कुठलेही असो. 'मॅचेस न्यूलाइन'वरची खूण मात्र काढा, नाहीतर शोध ओळ ओलांडून भलतीकडे जातो. आणि टॅगांचा क्रम बदलू नका. आधी विषय, शेवटी स्थिती. '@बाकी' विषयाच्या आधी लिहिलेली ओळ या शोधात सापडणार नाही.

आकड्यांचे एक ठरवून टाका. आपण हाताने १२ लिहितो, बिलावरचा ग्राहक क्रमांक इंग्रजी आकड्यांत असतो, आणि एडिटरच्या लेखी ती वेगळी अक्षरे. मी क्रमांक बिलावर आहे तसाच उतरवतो.

महाराष्ट्रातली गाडी आणली असेल तर ती इथे आल्याची तारीख आजच लिहा. १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर कायद्याने कर्नाटकचा नंबर घ्यावा लागतो.