हेडर फाइलच्या वॉर्निंग तपासताय? या चुका टाळा

सांगलीच्या हळद बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यांचं वजन वाचणारी एक छोटी सी++ लायब्ररी आम्ही सांभाळतो. एके दिवशी 70 किलोचं पोतं स्क्रीनवर 4.464 किलो दिसलं. हेडरमधल्या (लायब्ररी वापरणारे आपल्या कोडमध्ये इन्क्लूड करतात त्या फाइलमधल्या) इनलाइन फंक्शनने ग्रॅमचा आकडा 16 बिटांच्या अनसाइन्ड चलात भरला होता. त्यात 65,535 च्या वर मावत नाही, म्हणून 70,000 मधले 65,536 गळाले. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मालाचं वजन ते! सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या बिल्ड-तपासणीत) वॉर्निंग चालू असूनही कंपायलर गप्प कसा राहिला?

पहिलं कारण, डब्ल्यू-ऑल (-Wall) हा वॉर्निंग चालू करणारा फ्लॅग. नावात ‘ऑल’ असलं तरी त्यात सगळं येत नाही. अशी काटछाट पकडायला डब्ल्यू-कन्व्हर्जन (-Wconversion) वेगळा द्यावा लागतो.

दुसरं कारण सापडायला जास्त वेळ गेला. चाचणीचा प्रोजेक्ट आमचीच लायब्ररी इन्स्टॉल केलेलं पॅकेज म्हणून घेत होता. अशा बाहेरून घेतलेल्या पॅकेजची (इम्पोर्टेड टार्गेटची) हेडर सीमेक हे बिल्डचं साधन आपणहून सिस्टम हेडर, म्हणजे परक्याची हेडर, धरतं, आणि जीसीसी व क्लँग हे कंपायलर सिस्टम हेडरमधल्या वॉर्निंग दाबतात. म्हणजे डब्ल्यू-कन्व्हर्जनसारखे कितीही फ्लॅग वाढवले तरी हाती काही लागलं नसतं. तपासणीत स्वतःचा इन्क्लूड फोल्डर आय-सिस्टमने (-isystem) नव्हे, साध्या कॅपिटल आयनेच (-I) द्या.

प्रत्येक हेडरसाठी एक ओळीची सीपीपी फाइल स्क्रिप्टने बनवा, तिच्यात फक्त तेच हेडर. एखादं हेडर दुसऱ्याच्या जिवावर उभं असेल तर लगेच कळतं. यादी हाताने लिहू नका, नवं हेडर हमखास राहतं. हेडर थेट कंपायलरला दिलंत तर ‘प्रॅग्मा वन्स इन मेन फाइल’ ही फुकटची वॉर्निंग येते. सीमेक 3.24 पासून हेडर सेटसाठी (टार्गेटला जोडलेल्या हेडरच्या यादीसाठी) अशी तपासणी तयारच मिळते.

टेम्प्लेट (टाइप नंतर भरायचा असा कोड) मात्र नुसतं इन्क्लूड करून पुरत नाही. बऱ्याच वॉर्निंग खरा टाइप भरल्यावरच निघतात, तेव्हा लायब्ररी वापरणारा ग्राहक वापरतो त्याच टाइपने ते टेम्प्लेट फंक्शन एकदा बोलवा.

वॉर्निंगलाच एरर ठरवणारा डब्ल्यू-एरर (-Werror) सीआयपुरताच ठेवा. ग्राहकाने नवा कंपायलर घातला की नव्या वॉर्निंग येतात आणि त्याचं बिल्ड विनाकारण अडतं.

आउटपुट स्क्रीनवर दाखवून फाइलमध्येही लिहिणाऱ्या टी (tee) कमांडकडे पाइप करत असाल तर शेलचा पाइपफेल (pipefail) पर्याय लावा, नाहीतर कंपायलर नापास होऊनही सीआय हिरवाच राहतो. एकदा हेडरमध्ये मुद्दाम चूक घाला आणि तो लाल होतो का बघा.