बेस्लानबद्दल मुलांना सांगायचं कसं

आठवी-नववीतलं पोर कुठेतरी व्हिडिओ बघून येतं आणि विचारतं, बेस्लानला काय झालं होतं? (रशियातल्या या गावात २००४ मध्ये अतिरेक्यांनी शाळेतल्या मुलांना आणि पालकांना तीन दिवस ओलीस धरलं होतं.) तेव्हा "तू लहान आहेस" म्हणून टाळू नका, मग ते एकटंच मोबाईलवर शोधणार आणि आधी ते फोटोच दिसणार. मी भाचीला सांगताना सुरुवातच बॉम्बपासून केली, ती इतकी घाबरली की पुढचं ऐकेचना.

सुरुवात फुलांपासून करा. १ सप्टेंबर २००४, रशियातल्या उत्तर ओसेतियातलं बेस्लान, शाळा क्रमांक १. तिकडे शाळेचा पहिला दिवस म्हणजे सणच, मुलं नटूनथटून फुलं घेऊन येतात, सोबत आई, आजी, कडेवर धाकटी भावंडं, म्हणून तर ११०० हून जास्त लोक अतिरेक्यांच्या तावडीत सापडले. सगळ्यांना शाळेच्या जिममध्ये कोंडलं, वर बॉम्ब टांगले, हे एकदाच सांगा आणि पुढे जा.

मग पाण्यावर थांबा. एवढी गर्दी, उकाडा, आणि प्यायला पाणी देईनात. आजही त्या जळक्या जिममध्ये लोक पाण्याच्या बाटल्या ठेवून जातात, झाकण उघडून. हे मुलांना बरोबर कळतं, जास्त समजवावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी स्फोट झाले, छत पेटलं, गोळीबार झाला. हल्लेखोर सोडून ३३४ माणसं गेली, त्यात १८६ मुलं. आकडा सांगितला की जरा गप्प बसा, लगेच पुढचं वाक्य नको.

"चूक कोणाची?" हे येणारच. मारणारे ते अतिरेकीच, चेचेन बंडखोरांचा नेता शामिल बसायेवने जबाबदारीही घेतली होती, हे आधी स्पष्ट सांगा. पण तिथेच थांबू नका हो. सरकार आत फक्त ३५४ लोक आहेत असं सांगत राहिलं, आणि ओलीस आत असताना रणगाड्याच्या तोफा, आग लावणारी शस्त्रं वापरली गेली. 'बेस्लानच्या माता' आणि 'बेस्लानचा आवाज' या संघटनांमधल्या आया वर्षानुवर्षं हेच विचारत राहिल्या, आणि २०१७ मध्ये युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने रशियाला दोषी धरलं, हल्ल्याची खबर आधी असूनही पुरेसं काही केलं नाही म्हणूनसुद्धा. माझ्या मते हा भाग त्या तीन दिवसांइतकाच महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक जण गाळतात.

एखाद्या जमातीवर खापर फोडू देऊ नका. हल्लेखोरांत शेजारच्या इंगुशेतियातले इंगुश लोक होते, पण दुसऱ्या दिवशी निःशस्त्र आत जाऊन २६ जणांना, म्हणजे तान्ही बाळं आणि त्यांच्या आयांना, सोडवून आणणारे इंगुशेतियाचे माजी अध्यक्ष रुस्लान आउशेवही इंगुशच. त्यातल्या काही आयांना मोठी मुलं आत ठेवून निघावं लागलं. हे सांगायचं की नाही ते समोरचं मूल बघून ठरवा, मी भाचीला ते दुसऱ्या दिवशी सांगितलं, तिने स्वतःहून विचारल्यावर.