चार्जिंग गन लागलेली असताना गाडी निघू नये म्हणून: सोय कशी तपासावी, कुठे स्वतः लक्ष द्यावं

चार्जिंग गन, म्हणजे चार्जरच्या केबलचं गाडीत बसणारं टोक, काढायला विसरलो आणि गाडी तशीच पुढे घेतली तर काय होईल? इलेक्ट्रिक कार नवीन घेतलेल्या बहुतेकांना ही धास्ती असते. सर्व काही ठीक असेल तर गाडी निघतच नाही. इलेक्ट्रिक वाहनांच्या सुरक्षेविषयी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 100 आहे. बाहेरून चार्ज होणाऱ्या वाहनाच्या सॉकेटमध्ये कनेक्टर, म्हणजे गन, असेपर्यंत ते स्वतःच्या मोटरच्या जोरावर हलता कामा नये, अशी अट त्यात आहे. या अटीतले ‘स्वतःच्या मोटरच्या जोरावर’ हे शब्द लक्षात ठेवा. पुढे त्यांचं काम पडणार आहे.

गाडीला गन लागल्याचं कळतं कसं

कारच्या एसी चार्जिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या टाइप 2 गनच्या तोंडाकडे नीट पाहिलं तर वीज वाहणाऱ्या जाड पिनांखेरीज दोन लहान पिना दिसतात. त्यातली एक प्रॉक्सिमिटी पायलट. केबलच्या गनमध्ये या पिनेपासून अर्थिंगपर्यंत एक छोटा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा भाग, जोडलेला असतो. गाडी स्वतःकडून किंचित व्होल्टेज देऊन तो मोजते. 220 ओहम आढळले तर केबल 32 अँपिअरची, 680 असतील तर 20 अँपिअरची. काहीच आढळलं नाही तर सॉकेट रिकामं. मोजण्यासाठी लागणारी वीज गाडीचीच असल्यामुळे चार्जर बंद असला, घरातली लाइट गेलेली असली किंवा बॅटरी पूर्ण भरून चार्जिंग थांबलेलं असलं, तरी गन लागलेली आहे हे गाडीला कळतं. या सगळ्या रचनेत मला सर्वात मोलाची वाटते ती हीच गोष्ट, कारण माणूस विसरतो तो नेमका अशाच वेळी. स्क्रीन शांत असते, दिवा विझलेला असतो, आणि चार्जिंगचा विषय डोक्यातून गेलेला असतो.

दुसरी पिन कंट्रोल पायलट. चार्जर आणि गाडी यांचं बोलणं तिच्यावरून चालतं. गन लावण्याआधी या तारेवर 12 व्होल्ट असतात, जोडल्यावर 9 होतात आणि गाडी वीज घ्यायला तयार झाली की 6. हा संकेत तुटला की चार्जर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पुरवठा तोडतो. ही पिन शेवटी जुळते आणि सर्वांत आधी सुटते. अर्थिंगचं बरोबर उलटं, ते आधी जुळतं आणि शेवटी सुटतं. म्हणजे कुणी गन ओढलीच, तर जाड पिना सुटण्याआधीच चार्जरला थांबण्याचा इशारा मिळतो. शिवाय चार्जिंग चालू असताना सॉकेटमधली एक खुंटी गनला अडकवून धरते.

एकदा स्वतः तपासून पाहा

सपाट जागा निवडा. गाडीच्या पुढे-मागे कुणी नाही याची खात्री करा आणि पार्किंग ब्रेक लावा. डीसी फास्ट चार्जरवर हा प्रयोग नको, घरचा साधा एसी चार्जर पुरे. गन लावून चार्जिंग सुरू झालं की आत बसा, ब्रेक पूर्ण दाबून धरा, गाडी स्टार्ट करा आणि गिअर ‘डी’मध्ये टाकायचा प्रयत्न करा. गाडीने नकार द्यायला हवा. डॅशबोर्डवर केबल काढण्याचा संदेश दिसेल, किंवा गिअर ‘पी’वरून हलणारच नाही. ‘आर’ही टाकून पाहा.

आता चार्जरचं भिंतीवरचं बटण बंद करा आणि गन तशीच ठेवून हेच पुन्हा करा. दुसरी चाचणी टाळू नका, खरी परीक्षा तिच्यातच आहे. गाडीने गिअर स्वीकारलाच, तर ब्रेकवरचा पाय न उचलता लगेच ‘पी’मध्ये या आणि गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवा. तिथे ‘गाडी चार्ज तर नीट होतेय ना’ असं म्हणाले तरी तपासणीचा आग्रह धरा. चार्ज होणं वेगळं आणि चालण्यापासून अडवणं वेगळं.

ही सोय कुठे कामाला येत नाही

गाडीला फक्त तिच्या सॉकेटमधली गन कळते. गन काढून जमिनीवर टाकली आणि केबल चाकाखाली आली, तर गाडी खुशाल तिच्यावरून जाईल. केबल गाडीच्या बाजूने सुटली पण चार्जरला तशीच राहिली, तर तेही तिला कळत नाही.

आता ते शब्द आठवा. नियम मोटर अडवतो, चाकं अडवत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये किंवा ओढून नेण्यासाठीच्या टोइंग मोडमध्ये असेल आणि जागा उताराची असेल, तर ती गनसकट घरंगळू शकते. म्हणून चार्जिंगला लावताना ‘पी’ आणि पार्किंग ब्रेक दोन्ही, प्रत्येक वेळी.

निघतानाचा क्रमही ठरवून टाका. आधी चार्जिंग थांबवा, गाडी अनलॉक करा, गन सरळ ओढून काढा आणि ती आपल्या जागी अडकवा. केबल गुंडाळून ठेवा, सॉकेटचं झाकण लावा, मगच दरवाजा उघडा. गाडी दोघं-तिघं चालवत असतील तर हाच क्रम सगळ्यांचा असू द्या.

गन काढली तरी गाडी निघत नसेल

बहुतेकदा गाडीला गन अजून लागलेलीच वाटत असते. सॉकेटमध्ये एखादा अडॅप्टर राहिला आहे का, धूळ किंवा पाणी आहे का, झाकण नीट बसलं आहे का ते पाहा. आत तार, पिन किंवा बोट घालू नका. गाडी बंद करून लॉक करा, काही मिनिटांनी पुन्हा सुरू करून पाहा.

गनच अडकली असेल तर जोर लावू नका. चार्जिंग थांबवा, गाडी लॉक-अनलॉक करा, खुंटीवरचा ताण जावा म्हणून गन किंचित आत दाबून मग ओढा. अनेक गाड्यांत डिकीत किंवा बॉनेटखाली हाताने खुंटी सोडवण्याची दोरी असते. तुमच्या गाडीत ती कुठे आहे, हे मॅन्युअलमध्ये आजच पाहून ठेवा.

केबल ओढली गेलीच तर

गाडी जागीच थांबवा. मागे घेऊन सैल करायचा मोह टाळा. उघड्या पडलेल्या तारेला किंवा फुटलेल्या गनला हात लावू नका आणि इतरांनाही लांब ठेवा. घरी असाल तर चार्जरचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा सुरक्षा स्विच, खाली करा. सार्वजनिक ठिकाणी चार्जरवरचं लाल इमर्जन्सी बटण दाबा आणि तिथे लिहिलेल्या क्रमांकावर कळवा, म्हणजे पुढचा माणूस ती गन वापरणार नाही. ठिणगी, धूर किंवा जळका वास आला तर सरळ अग्निशमन दलाला फोन करा आणि गाडी इलेक्ट्रिक असल्याचं आवर्जून सांगा.

वरून काहीच तुटलेलं दिसत नसलं, तरी सॉकेट आणि गन दोन्ही तपासून घेईपर्यंत त्यांवर चार्जिंग करू नका. हिसक्याने पिना सैल झाल्या असतील तर गाडी चार्ज होत राहते, पण सैल जोड तापतो आणि प्लास्टिक वितळू लागतं.