लेकीचं कार्डिगन सैल झालं तेव्हा

लेकीच्या पदवीदानासाठी कार्डिगन विणायला घेतलं होतं. छाती ८६ सेंटिमीटर, त्यात सैलपणा ८, म्हणजे बटणपट्टीसकट ९४. मापासाठी आधी विणलेल्या नमुन्याच्या तुकड्यात १० सेंटिमीटरला २२ टाके बसत होते, म्हणून २०७ टाके घातले. धड काखेपर्यंत झाल्यावर धुऊन वाळवलं आणि मोजलं, तर तब्बल १०३! लेक म्हणाली, "आई, यात आपण दोघी मावू."

चूक माझीच. तुकडा न धुताच मोजला होता. ही लोकर धुतल्यावर सैलावते. तोच तुकडा भिजवून, न ताणता सपाट वाळवला तर २० टाके निघाले. दहा सेंटिमीटरमागे दोनच टाक्यांचा फरक, पण पूर्ण घेरात ९ सेंटिमीटर.

मग सगळं उसवलं. (त्या रात्री जेवणात लक्ष नव्हतं.) उसवलेली लोकर कुरळी होते, तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. म्हणून सैल लडी करून चार ठिकाणी बांधली, कोमट पाण्यात भिजवली आणि टांगून वाळवली. नव्याने १८८ टाके घातले. लांबी टेपने न मोजता ओळी मोजून ठेवली, कारण उभ्या अंगानेही फरक पडतोच. बाह्या दोन्ही एकाच सुईवर, शेजारी शेजारी विणल्या. लहानमोठ्या होत नाहीत.

समारंभात झग्याखाली कार्डिगन कोणाला दिसलंच नाही. बाहेर आल्यावर तिने झगा काढून माझ्या हातात दिला आणि मैत्रिणींना आधी बाह्या दाखवल्या, पदवी नंतर.