उत्तर कॅनडातील दुर्गम वस्तीतून खग्रास चंद्रग्रहण पाहताना

यलोनाइफच्या परिसरात, म्हणजे सुमारे 62.5 अंश उत्तर अक्षांशावर, ग्रहण पाहायचे असेल तर प्रथम ऋतू लक्षात घ्यावा. कारण डिसेंबरच्या पौर्णिमेचा चंद्र तेथे मध्यरात्रीच्या सुमारास 50 अंशांपर्यंत चढतो, तर जूनमध्ये तो जेमतेम क्षितिजावर येतो. खग्रास अवस्था कधीकधी शंभर मिनिटांहून अधिक टिकते, म्हणून उबदार कपड्यांना मी दुर्बिणीपेक्षा अधिक महत्त्व देईन. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवाव्यात आणि घरात शिरण्यापूर्वी कॅमेरा हवाबंद पिशवीत घालावा, अन्यथा त्यावर दव धरते. चंद्र तांबूस झाला की सर्व दिवे विझवून ताऱ्यांकडेही अवश्य पाहावे. पौर्णिमेच्या रात्री इतके तारे, आणि नशीब असेल तर त्यांच्यासोबत ध्रुवीय प्रकाश, एरवी इतक्या स्पष्टपणे दिसत नाहीत.